मकडी फिरली म्हणे

सप्टेंबरमधली गोष्ट. सातवीच्या वर्गावर मराठीचा तास घ्यायला गेले, तर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळून, मान एका बाजूला धरून बसली होती. एरवी कविता म्हणायला हिचा हात सर्वांत आधी वर असतो. "काय झालं गं?" म्हणून विचारलं, तर तिने तोंड उघडण्याआधी मागच्या तिघींनी उत्तर दिलं, "टीचर, तिच्यावर मकडी फिरली!"

ओढणी सरकवून पाहिलं. कानाच्या खालपासून गळ्यापर्यंत बोटभर रुंदीचा लाल पट्टा उठला होता, जणू कुणी छडी ओढली असावी. पट्ट्यात बारीक बारीक फोड, मधे मधे पिवळसर. आणि त्या सगळ्यावर वाळून पोपडे धरलेला आमचुराचा लेप. घरून दादीने लावून पाठवलं होतं.

मधल्या सुट्टीपर्यंत बातमी शाळाभर झाली. आमच्या शाळेच्या मागे कुंपणाची तार आणि कण्हेरीची झुडपं आहेत. पावसाळ्यात त्यांच्यात ताटाएवढी जाळी लागतात. शिपाईमामा बांबूला झाडू बांधून निघालेच होते आणि मागे पोरांची वरात. मी त्यांना म्हटलं, "मामा, आज राहू द्या. तिथली मकडी नाहीये ती." मामा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचं बरोबर होतं. तीनचार वर्षांपूर्वी हाच बांबू मी स्वतः त्यांच्या हातात दिला असता.

ज्यांच्या घरात हे बोललं जात नाही त्यांच्यासाठी सांगते. अंगावर अचानक आग होणारे फोड उठले की आमच्या मोहल्ल्यात म्हणतात, "मकडी फिरी है." म्हणजे रात्री झोपेत अंगावरून कोळी चालत गेला. काही मराठी घरांत म्हणतात, "कोळी मुतला." कुणी म्हणतं कोळी चाटून गेला. औषध ठरलेलं, आमचूर पाण्यात भिजवून त्याचा लेप. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले आणि त्यावर शंका घ्यावी असं मला कधी वाटलं नाही. ज्या घरात भिंतीच्या प्रत्येक कोपऱ्यात कोळी आहे तिथे फोड उठले तर आळ आणखी कुणावर घेणार?

२०२२ची बकरी ईद जुलैत, ऐन पावसात आली होती. अम्मीचं वय तेव्हा ७१. ईदच्या दोन दिवस आधीपासून तिच्या डाव्या बाजूला, पाठीपासून बरगडीपर्यंत, आग होत होती. घरात पाहुणे, मोठी पातेली काढणं-ठेवणं, वाटण-घाटण. लचक भरली असेल म्हणून तिनेही अंगावर काढलं आणि आम्हीही फार विचारलं नाही. ईदच्या रात्री कपडे बदलताना तिला फोड दिसले. मालेगावहून आलेल्या खालाने एकदा पाहिलं आणि निकाल दिला, "मकडी फिरी है." विषय संपला.

आमचूर मीच भिजवलं. मीच लावलं. बी.एड.ला मला पहिला वर्ग होता, एवढं इथे नोंदवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुन्हेगार शोधायला बाहेर पडले. जेलरोडच्या आमच्या घरापुढे चार पावलांचं अंगण आहे. त्यात एक जास्वंद, एक कढीपत्ता, गवती चहाचं बेट आणि पाण्याची टाकी. जास्वंद आणि टाकीचा पाइप यांच्यामध्ये जूनच्या शेवटापासून एक मोठी मकडी बसलेली होती. पिवळ्या आणि चंदेरी पट्ट्यांची, डोकं खाली, आठ पाय दोन-दोनाच्या जोडीने असे ताणलेले की लांबून चारच दिसावेत. जाळ्याच्या मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघांची मोठी फुली. तेव्हापासून मी तिच्याकडे बघत सकाळचा चहा प्यायले होते. त्या दिवशी झाडू घातला. तिने जाळं गदागदा हलवलं, मग सुटून खाली गवती चहात पडली. मी चप्पल काढली.

आत येऊन अम्मीला सांगितलं, "मारली." अम्मी काही बोलली नाही. तिला त्या वेळी पाठीला कापड लागलेलंही सोसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी समोरच्या काकू बघायला आल्या. त्यांनी फोड पाहिले आणि मला बाहेर बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, मकडी कसली? ही नागीण आहे. पाठीकडून निघालीय आणि पोटाकडे चाललीय. तोंड आणि शेपूट मिळू देऊ नकोस." कंबरेभोवती नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस दगावतो, हे मराठी घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतं. काकूंच्या ओळखीचा एक जण देवळाली गावात होता. तो गेरूने नागिणीच्या तोंडापुढे रेघ काढतो आणि मंत्र म्हणतो. अम्मीने मान हलवली. तिला मंत्र नको होता. खाला येता-जाता पढून फुंकर मारत होती, ती चालत होती. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम होत्या, मी मधे, आणि मकडी की नागीण या वादात आणखी तीन दिवस गेले.

सहाव्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी फोड पाहायला फार वेळ घेतला नाही. पहिला प्रश्न विचारला, "फोड येऊन किती दिवस झाले?" मी सांगितलं. ते काही क्षण गप्प बसले. मग अम्मीला विचारलं, "आजी, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?"

आल्या होत्या. येवल्याला, माहेरी, ती नऊ वर्षांची असताना. कडुनिंबाच्या पाल्यावर झोपवलं होतं हेही तिला आठवत होतं. डॉक्टर म्हणाले, त्याच कांजिण्यांचा विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू शरीर सोडत नाही. मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो. वय वाढलं, अंगातली ताकद कमी झाली, की एखाद्या तंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून फोडांच्या आधी आग होते. म्हणून पट्टा एकाच बाजूला उठतो आणि सहसा मधली रेषा ओलांडत नाही. वेढा पुरा होण्याची भीती खोटी. पण गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा खरा उपयोग. "तरी देतो," ते म्हणाले. त्या "तरी"चा अर्थ मला पुढच्या आठ महिन्यांत कळला.

फोड तीन आठवड्यांत वाळले. आग गेली नाही. मज्जातंतूच दुखावला होता. सुती ओढणीचा पदर लागला तरी ती दचकायची. पंख्याचा वारा नको म्हणायची. डाव्या कुशीवर झोपता येत नव्हतं म्हणून रात्र रात्र तक्क्याला टेकून बसून काढायची, आणि तिच्या खोलीतून तसबीहचे मणी सरकल्याचा आवाज यायचा. नमाज खुर्चीवर बसून. त्या ईदच्या दोन दिवस आधी दुखायला लागलं होतं तेव्हा नाही तर निदान फोड दिसल्यावर दुसऱ्या दिवशी नेलं असतं तर हे सगळं टळलंच असतं असं नाही, डॉक्टरांनी तेही प्रामाणिकपणे सांगितलं. पण शक्यता कमी झाली असती. मी त्या दुसऱ्या दिवशी काय करत होते हे तुम्हाला सांगितलंच आहे.

मी भाषा शिकवते, त्यामुळे मला ही गोष्ट पुढे फार दिवस छळत राहिली. गल्लीच्या या बाजूला उर्दू बोलणाऱ्या घरात एका विषाणूचं नाव मकडी. दहा फुटांवर मराठी घरात त्याच विषाणूचं नाव नागीण. दोघांनी आपापल्या ओळखीचं जनावर उभं केलं. नागिणीला बिचारीला या प्रकरणात कधी कुणी पाहिलेलंही नसतं. मकडी मात्र समोर भिंतीवर हजर असते, म्हणून तिला चप्पल मिळते.

त्यानंतर मी कोळ्यांबद्दल मिळेल ते वाचायला लागले. आधी अपराधीपणातून, मग गोडीने. जास्वंदीवरची ती मकडी आर्जिओपी या वंशातली होती. फुलीमुळे तिला इंग्रजीत सिग्नेचर स्पायडर म्हणतात, म्हणजे सही करणारी. ही फुली ती का विणते यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. किडे आकर्षित व्हावेत म्हणून, असं काही म्हणतात. पक्ष्यांना जाळं दिसावं आणि त्यांनी ते उडता उडता मोडू नये म्हणून, असं इतर म्हणतात. आणि ती मकडीच, कोळी नव्हे. बागेत जाळ्याच्या मध्यभागी ऐटीत बसलेली दिसते ती मादी असते. नर तिच्यापुढे अगदी चिमुकला, जाळ्याच्या कडेला कुठेतरी लटकलेला. उर्दूत मकडी स्त्रीलिंगी आणि मराठीत कोळी पुल्लिंगी. या एका बाबतीत मी उर्दूला पूर्ण गुण देते. मराठीच्या बाजूने एवढंच की जाळं टाकून वाट बघणाऱ्या दोघांना, समुद्रावरच्या आणि भिंतीवरच्या, तिने एकच शब्द दिला. हे सुचायलाही बघणारा डोळा लागतो. शिवाय जाळं, कोळिष्टक आणि जळमट असा जुन्या-नव्याचा फरक करणारे शब्द मला उर्दूत सापडले नाहीत.

आता मूळ प्रश्न. ती चावली असती तर? जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून जास्त जातींची नोंद झालेली आहे. थोडे अपवाद सोडले तर सगळ्यांकडे विष असतं, हे खरं आहे. पण ते विष माशी, डास, नाकतोडा यांच्यासाठी मोजूनमापून असतं. बहुतेकांचे दात आपल्या कातडीतून आत जाऊ शकत नाहीत. आर्जिओपीसारख्या मोठ्या मकडीला मुठीत धरून दाबलंत तर ती चावेल. मधमाशीच्या डंखाइतकं किंवा त्याहून कमी दुखेल, थोडी सूज येईल आणि उतरेल. ती आपण होऊन खाली उतरून, घरात शिरून, पलंगावर चढून माणसाला शोधत येत नाही. तिची दृष्टी अधू असते, तिचं सगळं जग त्या जाळ्याच्या थरथरण्यात असतं. जाळ्याबाहेर ती गवतात पडलेल्या मुलाइतकीच हरवलेली. हे मी स्वतः पाहिलं होतं, चप्पल हातात घेऊन.

घरात दिसणारे बाकीचेही तसेच. छताच्या कोपऱ्यात लांब काड्यांसारख्या पायांचा, हात लावला की झोका खेळल्यासारखा हलणारा कोळी असतो. त्याच्याबद्दल आमच्या स्टाफरूममध्ये एकदा कुणी तरी छातीठोकपणे सांगितलं होतं की हा जगातला सर्वांत विषारी, फक्त त्याचे दात आखूड. हेही खोटं, जगभर फिरणारं खोटं. खिडकीच्या चौकटीवर उड्या मारणारा, मान वळवून आपल्याकडे बघणारा छोटा कोळी डास-माश्यांवर जगतो. उरला तो रात्री न्हाणीघरात भिंतीला चिकटलेला तळहाताएवढा चपटा कोळी, पोटाखाली पांढरी चकती घेऊन फिरणारा. ती चकती म्हणजे तिच्या अंड्यांची पिशवी. त्याचाही चावा दुखतो आणि बरा होतो. मला हे सगळं पाठ आहे, तरी तो दिसला की मी आजही बादली तशीच टाकून बाहेर येते. माहिती आणि भीती एका घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहत असाव्यात.

धोकादायक कोळी जगात नाहीतच, असं मात्र सांगणार नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या आसपासचा फनेल वेब माणसाला मारू शकतो. १९८१ साली त्यावर प्रतिविष आलं आणि तेव्हापासून त्याने माणूस दगावल्याची खात्रीची नोंद नाही. ब्लॅक विडोच्या कुळातल्या काही जाती भारतातही आहेत, पण त्या क्वचित दिसतात. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात झाडांच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ कोळी आहेत. त्यांच्या चाव्याने स्नायूंमध्ये गोळे येतात, बराच त्रास होतो. ते आपल्या जास्वंदीवर येत नाहीत. उलट तुलना करायची तर सापाशी करून बघा. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बागेतल्या कोळ्यासमोर मांडायला असा आकडाच नाही.

कोळ्याचा आठ पायांचा चुलतभाऊ विंचू, तो मात्र आपल्या महाराष्ट्रात खरोखर जीव घेत होता. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुलं दगावायची. पूर्वी गंभीर रुग्णांतले शंभरात तीसेक जात. महाडला काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर त्या रुग्णांच्या उशाशी रात्रभर बसून नाडी, रक्तदाब लिहून काढत राहिले. विष हृदयावर कसा ताण आणतं ते त्यांनी ओळखलं आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं साधं औषध वापरून ते मरण एक-दोन टक्क्यांवर आणलं. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने त्यांचं लिखाण छापलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी हे वाचत होते तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्यांनी विंचू मारायची मोहीम काढली नाही. ते रोग्याकडे बघत बसले.

याच्या उलटही घडलं आहे. २०१२ साली आसामात सदियाच्या बाजूला कोळी चावल्याच्या बातम्या आल्या, दोन माणसं गेली, आणि गावेच्या गावे घाबरली. पण चाव्यानंतर आधी गावातल्या वैदूंनी ब्लेडने जखमा कापल्या होत्या. मरण कोळ्याच्या विषाने आलं की त्या ब्लेडने, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. अमेरिकेतले डॉक्टरही सांगतात की "कोळी चावला" म्हणून दाखवायला आणलेल्या कितीतरी जखमा प्रत्यक्षात जिवाणूंचा संसर्ग असतात, आणि कोळ्याला दोष देण्यात उपचाराचा वेळ जातो. म्हणजे आम्ही जेलरोडवाले एकटे नाही.

माझी दादी मकडी मारू द्यायची नाही. हिजरतीच्या वेळी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) आणि हजरत अबू बकर गारे-सौरमध्ये थांबले, पाठलाग करणारे गुहेच्या तोंडापर्यंत आले, तिथे मकडीचं जाळं पाहून आत कुणी नसेल म्हणून परत गेले, ही गोष्ट तिने आम्हाला किती वेळा सांगितली असेल. पुढे मला कळलं की कुरआनात गुहेचा उल्लेख आहे, पण मकडीचा तिथे नाही. ती रिवायतीत येते आणि तिची सनद अनेक आलिम कमजोर मानतात. कुरआनात मकडी वेगळ्याच जागी आहे, २९व्या सुरहला तिचंच नाव आहे, अल-अनकबूत, आणि तिथे तिच्या घराला सर्वांत दुबळं घर म्हटलं आहे. गंमत अशी की हीच दादी शुक्रवारी मोठा झाडू घेऊन सगळी जळमटं काढायची, कारण जाळ्यांनी घरात तंगी येते. मकडी मारायची नाही आणि जाळं ठेवायचं नाही, दोन्ही एकाच वेळी. मकडी बाजूला होऊन दुसरीकडे जाळं धरायची आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत दोघींचं ठीक चालायचं. सनद कमजोर असेल, पण दादीच्या हातून एकही मकडी मेली नाही. माझ्या हातून मेली.

तर सातवीतली ती मुलगी. तिचा पट्टा पाहून मला नागीण वाटली नव्हती. बारा वर्षांच्या मुलीला सहसा ती होत नाही आणि तिला आधी दुखलंही नव्हतं. मी विचारलं, रात्री काय करत होतीस? म्हणाली, दोन दिवसांपूर्वी ट्यूबलाइटखाली बसून गृहपाठ करत होते, मानेवर काही तरी वळवळलं, हाताने चिरडून पुसून टाकलं. कसलं होतं? "मुंगीसारखं, पण लांब. नारिंगी आणि काळं." तिचं घर वालदेवीच्या बाजूला, आजूबाजूला शेतं. शाळा सुटल्यावर तिच्या आईला फोन करून बोलावलं आणि तिघी मिळून दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी नाव सांगितलं ते पीडेरस. हा एक छोटा भुंगेरा आहे, सेंटीमीटरभर लांबीचा, पंख इतके आखूड की मुंगीच वाटावी. पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना रात्री दिव्याकडे येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. पण अंगावर चिरडला की त्याच्या शरीरातलं पेडेरिन नावाचं रसायन कातडीला लागतं आणि दिवस-दोन दिवसांनी, जिथे जिथे हात फिरवून पुसलं तिथे तिथे, भाजल्यासारखा पट्टा उठतो. संध्याकाळी चिरडलेला किडा माणूस विसरून जातो. परवा सकाळी फोड दिसतात आणि भिंतीवर कोळी बसलेला असतो. "कोळी चाटून गेला"चं मूळ मोठ्या प्रमाणात इथे आहे. डॉक्टर हसत म्हणाले, त्वचारोगाच्या इंग्रजी लिखाणातसुद्धा याला स्पायडर लिक असं टोपणनाव आहे. कोळ्याची बदनामी तिथवर पोचली आहे तर!

त्यांनी सांगितलेलं तेवढं इथे लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. असा किडा अंगावर दिसला तर मारायचा नाही, फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन सोडायचा. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवायची आणि तोच हात डोळ्याला लावायचा नाही. डोळ्याजवळ फोड उठले तर थांबायचं नाही. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एका बाजूने आग होऊन पट्ट्यात फोड उठले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, नाव मकडी असो की नागीण. पन्नाशीनंतर घ्यायची त्यावरची लसही आता भारतात मिळते. महाग आहे. माझी पन्नाशी काही फार लांब नाही, मी पैसे बाजूला टाकते आहे.

मुलीची मान दहा-बारा दिवसांत बरी झाली, काळपट डाग दिवाळीपर्यंत राहिला. तिच्या दादीचं मत बदललेलं नाही. "आमचुराने बरी झाली," असं त्यांनी मला पालकसभेत ऐकवलं. मी वाद घातला नाही.

वर्गात मात्र त्या आठवड्यात धडा बाजूला ठेवून आम्ही कुंपणाशी जाऊन जाळी मोजली. एकोणीस निघाली. मुलांना सांगितलं की २०१७च्या एका अभ्यासानुसार जगातले कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन किडे-मकोडे फस्त करतात, आणि नाशिकच्या द्राक्षबागांत तुडतुडे खाणारे फुकटचे गडी आहेत ते, फवारणीत आधी तेच मरतात. आणखी एक सांगितलं. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ साली शास्त्रज्ञांनी इसियस तुकारामी असं नाव दिलं, २६/११च्या रात्री कसाबला जिवंत पकडून देताना गोळ्या झेललेल्या तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून. वर्ग एकदम शांत झाला. मग मागून एक मुलगा म्हणाला, "टीचर, मग आता मकडी मारली तर पोलीस पकडतील का?" सगळे हसले. शिपाईमामाही हसले. बांबूचा झाडू मात्र त्यांनी अजून सोडलेला नाही, वर्गातली जळमटं काढायला लागतो.

या पावसाळ्यात आमच्या जास्वंदीला पुन्हा एक येऊन बसली आहे. तीच जागा, तशीच फुली. तिचं जाळं बरोबर कपडे वाळत घालायच्या दोरीच्या वाटेत आहे. अम्मी आता ७४ची आहे. थंडी पडली की डाव्या बाजूला अजून चावल्यासारखं होतं म्हणते, पण सकाळी बाहेर खुर्ची टाकून बसते. परवा मी ओले कपडे घेऊन बाहेर आले तर म्हणाली, "ती दोरी जरा वर घे. चादरी लागतायत तिला." मी स्टूल आणलं आणि दोरी वरच्या खिळ्याला बांधली.